जड फाइलीचे मास्तर

आमच्या छावणीतल्या गल्लीत माणसाचं वजन किलोत करत नाहीत. ते इक्बाल मास्तर एमबीत करतात.

"कोपऱ्यावरचा नवीन भाडेकरू पाहिला का ताई? आत मजकूर दोन ओळींचा, पण फॉन्ट किती भरलेत! चाळीस एमबीच्या खाली नाय." माझ्या नवऱ्याबद्दल त्यांचं मत चांगलं आहे. "साहेब म्हणजे साधा टेक्स्ट. कुठंही उघडतात." ही स्तुती आहे की काय, ते ह्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

मास्तर उर्दू शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या पुढच्या खोलीत संगणक मांडला आणि पत्रिका, स्मरणिका, वाढदिवसाची मानपत्रं करून द्यायला सुरुवात केली. मराठी, उर्दू, दोन्ही. संगणकाशेजारी खिडकी, खिडकीबाहेर कडुलिंब. दुपारी त्याची सावली पडद्यावर हलत असते आणि मास्तर काम सोडून तिच्याकडं बघत असतात. "बघा ताई, सावली पण नस्तालीकमध्ये लिहिते." नस्तालीक म्हणजे उर्दूचं ते तिरकं, लपेटदार वळण.

अक्षर दिसलं की हा माणूस जागचा हलत नाही. "ळ बघा. पाय पोटाशी घेऊन झोपलेलं मांजर. उठवू वाटत नाय." एकदा पैठणच्या बसच्या पाटीवरचा 'ठ' बघत ते स्टँडवर उभे राहिले. बस निघून गेली. "लई सुरेख काढला होता कुणीतरी," एवढंच म्हणाले आणि पुढच्या गाडीची वाट बघत बसले.

त्यांच्या कामात खोट एकच. फाइल भयंकर जड. साधं बारशाचं निमंत्रण केलं, तरी मेल ते परत पाठवायचं आणि फोनवर नुसतं गोल फिरत राहायचं. कारण मास्तर वापरलेला प्रत्येक फॉन्ट फाइलीत अख्खा भरायचे. शिवाय तळाशी स्वतःचं नाव उर्दूत, नस्तालीकमध्ये. त्या फॉन्टमध्ये जोडून लिहिलेल्या अक्षरांची हजारो रूपं. निमंत्रण पसाभर आणि खालचं नाव खंडीभर.

मी एकदा म्हटलं, "मास्तर, फॉन्ट घालूच नका की. फाइल हलकी होईल."

त्यांनी कानाला हात लावला. "तौबा! समोरच्याच्या फोनमध्ये आपला फॉन्ट नसला तर? तुमच्या आत्याच्या नावाच्या जागी चार चौकोन दिसतील. चौकोनांच्या घरी कोण जेवायला जाईल?"

"मग थोडे तरी कमी करा."

"अक्षर घरातून निघालं, तर सगळं कुटुंब घेऊन निघणार ताई. रिवाज आहे."

मग फाइल पोचायची कशी? मास्तर स्वतः पोचवायचे. पेनड्राइव्ह खिशात, छत्री काखेत. उस्मानपुरा असो नाहीतर वेरूळ, ते जाऊन त्या घरातल्या संगणकावर फाइल उतरवून द्यायचे, उघडून दाखवायचे, सगळी पानं नीट दिसतात ना बघायचे. गल्लीतले लोक हसायचे. "मास्तर, जग कुठं चाललंय आणि तुम्ही एसटीनं फाइल नेताय!" मास्तर पण हसायचे. "काय करणार? वजनदार आहे."

यंदा माझ्या आईचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. आई पैठणला असते, माझ्या भावाकडं. भाऊ आणि वहिनी दिवसभर दुकानात, आई ओसरीवर. सगळ्या नातेवाइकांच्या आठवणी गोळा करून एक पुस्तिका करायची आणि आईला टॅबवर मोठ्या अक्षरात वाचायला द्यायची, असं आम्ही ठरवलं. हे आणि निमंत्रणाचं काम अर्थात मास्तरांकडं गेलं.

त्या दोन महिन्यांत मास्तर पैठणला किती वेळा गेले, ते आईलाच माहीत. एक वेलांटी बदलली तरी नवी फाइल, आणि नवी फाइल म्हणजे नवी फेरी. परत आले की सांगायचे, "आज धरणाचं पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं होतं ताई. मधली रेघच कुणी काढली नव्हती. आई म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी त्या पाण्याच्या जागी गाव होतं. आम्ही दोघं ते गाव बघत बसलो."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. ठरवलेलं मंगल कार्यालय मालक त्या दिवसासाठी दुसऱ्याच कुणाला देऊन बसले होते. त्यानं धावपळ करून त्याच्याच गल्लीतल्या शाळेचा हॉल मिळवला होता; पण छापून वाटलेल्या निमंत्रणांवर जुनाच पत्ता गेलेला. परभणीची मामी, बीडचे काका, सगळी म्हातारी माणसं, पहाटेच निघणार. फोनवर सांगितलेला पत्ता त्यांच्या ध्यानात राहणार नव्हता; नवीन निमंत्रण आत्ताच्या आत्ता जायला हवं होतं.

मी पळत मास्तरांकडं गेले. धापा टाकत सांगितलं आणि तिथंच खुर्चीत बसले. मनात आलं, आता हे परभणीला पेनड्राइव्ह घेऊन निघणार.

मास्तरांनी चष्मा वर केला, पत्ता बदलला, पडद्यावर कुठलीशी खूण केली आणि म्हणाले, "फोन बघा."

फाइल आली होती. बोट टेकवायच्या आत उघडली. तेच वळण, तोच डौल, चौकोन एकही नाही. तळाशी मास्तरांचं उर्दू नावसुद्धा जसंच्या तसं. मी ती सगळ्यांना पाठवली. बघता बघता मामीचा निरोप आला: कळलं गं, शाळेत येतो.

मी फाइलीचा आकार बघितला. एखाद्या फोटोएवढाही नव्हता.

"मास्तर, हे कसं केलंत?"

"त्यात काय? जेवढी अक्षरं वापरली, तेवढीच आत ठेवायची. बाकीची घरी. सबसेट म्हणतात. एका टिकचं काम."

"तुम्हाला हे आधीपासून येत होतं?"

"व्हय."

कडुलिंबाची सावली पडद्यावर हलत होती. मास्तर तिच्याकडंच बघत राहिले.

"मुलगी दुबईला. तिची अम्मी रशीदा गेली, त्यानंतर हे घर लई शांत झालं ताई," ते हळू म्हणाले. "हलकी फाइल एकटी जाते. जड असली की माणसाला बरोबर जावं लागतं. गेलं की लोक बसा म्हणतात. चहा ठेवतात."

मी उठून त्यांच्याच स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला. आम्ही तो खिडकीपाशी बसून प्यायलो.

दुसऱ्या दिवशी शाळेचा हॉल भरून गेला. ओवाळून झालं, जेवणं झाली, पाहुणे पांगले. आई जरीच्या लुगड्यात खुर्चीवर बसली होती, टॅब मांडीवर. मास्तर निरोप घ्यायला तिच्यापाशी वाकले.

"मास्तर," आई म्हणाली, "यात काहीतरी बिघडलंय हो. अक्षरं लई बारीक दिसतात. पुढच्या आठवड्यात येऊन बघाल का जरा?"

मास्तरांनी एकदा टॅबकडं पाहिलं, एकदा आईकडं.

"येतो की," ते म्हणाले. "फोनवरून हे नाय जमायचं."

आईच्या खांद्यावरून मला टॅब दिसत होता. एकेक अक्षर बोराएवढं होतं.