क्षेपणास्त्र सोडण्यास हरकत नाही

माणूस मुळात शांतताप्रिय आहे. दिवसभर कचेरीत वरिष्ठांशी, रस्त्यात टॅक्सीवाल्याशी आणि घरी गळक्या नळाशी भांडून तो दमला, की त्यालाही दोन घटका निवांतपणा हवासा वाटतो. मग तो दार लोटून घेतो, कानांवर हेडफोन चढवतो आणि कुणाला त्रास न देता स्क्रीनवर एखादं छोटंसं युद्ध खेळतो.

ही सोय पुरवणाऱ्या ज्या कंपन्या आहेत, त्यांतल्या एकीत तागडी नोकरीला होता. (त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण पगाराखेरीज ते कुठेच लागत नसे.) कंपनीच्या तळमजल्यावर आकाश खातं होतं. ढग, धुकं आणि सूर्यास्त तिथून सुटत. पहिल्या मजल्यावर आवाज खातं. तिथे दोन पदवीधर सकाळपासून लोखंडी कपाटाचं दार आपटत बसत, कारण स्फोटाचा आवाज त्याहून हुबेहूब दुसऱ्या कशातून येत नाही, असं संशोधनाअंती सिद्ध झालं होतं. (एकदा खऱ्या स्फोटाचा आवाज आणून बघितला. तो खोटा वाटला.) आणि दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली, तागडीचं क्षेपणास्त्र खातं.

आधुनिक लढाऊ हेलिकॉप्टरांवरच्या मार्गदर्शित क्षेपणास्त्रांचा समतोल राखणे, हे त्याचं काम. मार्गदर्शित क्षेपणास्त्र म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल, त्यांनी लग्न झालेल्या पुरुषाकडे पाहावं. सुटलेला दिसतो, पण वळणं घरून ठरतात. याचे दोन प्रकार. पहिल्यात सोडणाऱ्याला शेवटपर्यंत लक्ष्यावर नजर रोखून बसावं लागतं; पापणी लवली की गेलं भलतीकडे. दुसऱ्यात एकदा सोडलं की विसरून जायचं, पुढचं ते आपलं आपण बघतं. (सार्वजनिक बांधकामात हाच प्रकार रूढ आहे.)

समतोल म्हणजे ते किती वेळा लागावं आणि किती वेळा चुकावं, एवढंच. पण खेळणाऱ्यांचे गोट दोन. क्षेपणास्त्र चुकलं की हेलिकॉप्टरवाले कंपनीला चोर म्हणत, लागलं की रणगाडेवाले म्हणत. निम्मी चुकून निम्मी लागली, की दोघे एका सुरात म्हणत. त्या दिवशी समतोल साधला, असं तागडी समजत असे.

साहेबांची समजूत निराळी होती. त्यांनी तागडीला बोलावून घेतलं.

"तागडीराव, लोक नाराज आहेत. दोन्ही गोटांचं समाधान झालं पाहिजे."

"साहेब, एकाने मारायचं आणि दुसऱ्याने मरायचं, असा आपला खेळ. दोघांचं समाधान व्हायचं कसं?"

"ते तुमचं खातं." साहेब फार मऊ बोलत, कानाला कळायच्या आत वार झालेला असे. "नाहीतर शेतीच्या खेळात एक जागा आहे रिकामी. शेणाचा पोत बघायचा. ओलं, अर्धवट ओलं, वाळलेलं. काम शांततेचं आहे हो."

शेतीचा खेळ तळघरात होता. तिथे गेलेला माणूस पुन्हा जिना चढताना कुणी पाहिला नव्हता. तागडीला मात्र आठवले ते सासरे. "आमचे जावई संरक्षणात आहेत," असं ते चारचौघांत मिशीवर हात फिरवून सांगत. आता ते जावयांबद्दल काय सांगतील, याचा विचारही त्याला करवेना.

दोन्ही गोटांचं एकाच शब्दावर एकमत होतं. तो शब्द म्हणजे वास्तव. तागडीने कंबर कसली आणि वास्तव वाढवायला घेतलं. वैमानिकाच्या खुर्चीला करकर दिली. काचेवर घामाची वाफ धरवली. एका गृहस्थाने अकरा पानी पत्र लिहून क्षेपणास्त्राच्या शेपटीचा रंग एका वर्षाने जुना असल्याचं दाखवून दिलं, रंग बदलला. दुसऱ्याने कळवलं की पंखाजवळून जो पक्षी उडतो, तो या ऋतूत तिकडे फिरकत नाही, पक्षी बदलला. नाराजी जागच्या जागी. तागडीला स्वप्नात शेणाचे पोत दिसू लागले.

मार्ग सापडला तो जेवणाच्या ताटावर. तागडीची बायको पाणीखात्यात, नव्या नळजोडणीच्या खिडकीवर बसत असे. नवरा भाजीशी नुसता चाळा करतोय हे पाहून ती म्हणाली, "अहो, एवढं खरं खरं करताय, पण परवानगी कोण देतं तिथे?"

"कसली परवानगी?"

"सोडायची! का आलं मनात की दाबलं बटण? आमच्याकडे अर्ध्या इंचाची तोटी बसवायला सात सह्या लागतात. आणि तुमच्याकडे एवढं दारूगोळ्याचं धूड कुणाला न विचारता सुटतं? शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का?"

तागडी उष्ट्या हातानेच उठून लिहायला बसला.

पुढच्या आवृत्तीपासून पद्धत बदलली. हेलिकॉप्टर हवेत गेलं की आधी क्रमांक घ्यायचा. मग रणगाडा आपल्याच बाजूचा नसल्याचा दाखला, इंधन खात्याचं काही देणं नसल्याचा दाखला, वाऱ्याची संमती. वायरलेसवर तागडीच्या बायकोचा आवाज: "आपण रांगेत आहात. साहेब जागेवर नाहीत. जेवायची सुट्टी झाल्यावर या." (तिला तालीम द्यावी लागली नाही.)

दुसऱ्या दिवशी कंपनीवर दगड पडतील या धास्तीने तागडी मागच्या दाराने आला. पडला तो कौतुकाचा पाऊस. "अंगावर काटा आला," असं एकाने लिहिलं. "इतकं खरं युद्ध पूर्वी पाहिलं नव्हतं," दुसऱ्याने. दिवसभर खिडक्यांपुढे ताटकळलेले लोक संध्याकाळी घरी येऊन हौसेने या खिडकीपुढे ताटकळू लागले. इथे निदान बसायला जागा होती. हवेत हेलिकॉप्टरांच्या लांबच लांब रांगा लागल्या. रांगेत ओळखी झाल्या, दोन लग्नं जमली, "मी फक्त एक विचारून येतो" म्हणत मध्ये घुसणारेही निपजले. रणगाडेवाल्यांवर कुणी काही सोडेना, तेव्हा ते बाहेर येऊन रणगाडे धुऊ-पुसू लागले. तक्रारी शेकडा अठ्ठ्याण्णवने घटल्या. उरलेल्या दोन टक्क्यांचं म्हणणं एवढंच, की जेवायची सुट्टी वास्तवाच्या मानाने फार लवकर संपते.

तागडीला हातांची खुर्ची मिळाली. सासऱ्यांनी मिशी वाढवली.

परंतु चिकाटी हा मनुष्यस्वभावातला असा दोष आहे, की त्यावर कोणतीही कार्यपद्धती पुरी पडत नाही. एका दातांच्या डॉक्टरचा अर्ज सगळ्या पायऱ्या चढून वर आला. (इतरांना ताटकळत ठेवण्यात आयुष्य गेल्याने त्याला ताटकळण्याचं तंत्र आतून ठाऊक होतं.) उरली फक्त जागेची पाहणी. साहेब हरखले. त्यांनी जाहीर करून टाकलं: येत्या रविवारी पहिलं अधिकृत क्षेपणास्त्र सुटेल, सर्वांनी पाहावं.

पाहणीचं काम तागडीचं. त्याने घरी बसून तो भाग स्क्रीनवर उघडला. रणगाडा एका गावाला टेकून उभा होता. गाव वरूनच बघायचं असल्यामुळे त्याला नुसती छपरं होती, आणि अंगणांत दोऱ्यांवर कपडे. बायको मागे येऊन उभी राहिली.

"हे कपडे कुणाचे हो?"

"कुणाचे नाहीत. वैमानिकाला वाऱ्याची दिशा कळावी म्हणून टाकलेत."

"पण वाळत कुणी घातले?"

"मीच की."

"मग काढणार कोण?"

शेपटीच्या रंगासाठी ज्याने दोन आठवडे घालवले, त्याला असली उणीव कुसळासारखी सलते. सकाळी जाऊन त्याने कपडे काढायला एक बाई काढली. बाई आली म्हणजे तिला दार आलं, दार आलं म्हणजे मागे घर आलं. आणि पाणीखात्याच्या नियमाप्रमाणे घर आलं, की राहणाऱ्याची ना-हरकत आली. बाईला एक वाक्य देणं भाग पडलं. ते बायकोनेच दिलं. पाहणीला गेलेल्या तिच्या खात्याच्या माणसांना उंबऱ्यावर हेच ऐकून परत यावं लागे.

रविवारी सगळे डोळे लावून बसले. डॉक्टरचं हेलिकॉप्टर गावावर स्थिर झालं. ना-हरकत विचारण्यात आली. दार उघडलं. बाई बाहेर आली, वर बघत म्हणाली, "आत्ता नको. सासरे आत्ताच झोपलेत. उद्या या."

डॉक्टर सभ्य माणूस. तो परत फिरला. सोमवारी आला, सासरे झोपलेलेच. मंगळवारी तेच.

आणि मग, जे तागडीला आयुष्यात साधलं नव्हतं, ते त्या बाईने साधलं. दोन्ही गोट एक झाले. "खेळात भलते विषय आणू नका," म्हणाले. अकरा पानी गृहस्थाने या वेळी बावीस पानांत दाखवून दिलं, की छपरांखाली माणसं राहतात हे वास्तवाला धरून नाही.

साहेबांनी स्वतः वर येऊन दार लावून घेतलं. "तागडीराव, बाई काढा."

"साहेब, तिच्यावाचून पाहणी पुरी होत नाही."

"बरं, राहू द्या बाई. तिचं वाक्य काढा. एक बटण तर दाबायचंय."

बटण खरोखर एकच होतं. तागडीने त्याच्यावर बोट ठेवलं. तळघर आठवलं, हातांची खुर्ची आठवली, मिशी आठवली. मग त्याने बोट उचललं आणि म्हणाला, "काढतो साहेब. सासरे उठले की काढतो."

त्याच दिवशी त्याला खाली पाठवण्यात आलं. (सासरी हल्ली "जावई कृषिखात्यात आहेत" असं सांगतात. मिशी होती तेवढीच आहे.)

जागेवर आलेला नवा माणूस हुशार निघाला. बाई काढायची तर तीन खात्यांना विचारावं लागलं असतं. वाक्य काढायला कुणालाच विचारावं लागत नव्हतं. पुढच्या रविवारी ना-हरकत विचारण्यात आली तेव्हा बाई दारात आली, वर बघितलं, ओठ हलवले. आवाज आला नाही. आणि मुदतीत उत्तर न आल्यास हरकत नाही असे समजावे, हा नियम जगात सगळ्या खिडक्यांवर सारखाच आहे. परवानगी मिळाली. क्षेपणास्त्र सुटलं.

गोष्ट एवढीच. पण वाचक इथे उठत नाही, असा अनुभव आहे. ही गोष्ट जिथे जिथे सांगितली, तिथे तिथे चांगली शिकली-सवरलेली, मुलाबाळांची माणसं पुढे सरकून एकच प्रश्न विचारतात, आणि तुमच्याही जिभेवर आत्ता तोच आहे: "मग, लागलं का?"

लागलं. अगदी मधोमध. बसा आता निवांत.

(सासरे उठले होते का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.)