एका वाचकाचा अभिप्राय

"पाच मिनिटांचं काम आहे," काका बायकोला म्हणाले आणि चष्मा पुसून संगणकापुढे बसले.

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. निवृत्त झाल्यावर वाचनालयाची वेबसाइट गळ्यात पडली. तिच्यावर काकांनी स्वतःचे अकरा लेखही घातले होते, जरा चोरासारखेच. अकरा लेख मिळून अभिप्राय एक: 'आवडलं. थोडं मोठं लिहीत जा. – एक वाचक.' रोज सकाळी चहाआधी ते तो वाचत, औषध घ्यावं तसा. आज लेखांखाली साचलेल्या टकलावरच्या तेलाच्या जाहिराती झाडून काढताना नेमका तोही पुसला गेला. कायमचा.

पण होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये बॅकअप होता. दर एक तारखेला अख्ख्या वेबसाइटची प्रत आपोआप निघायची. आज अठ्ठावीस. ती प्रत परत आणायला काकांनी 'रिस्टोअर' दाबलं. पडद्यावर सूचना आली: 'एक तारखेनंतरची सर्व माहिती नष्ट होईल. पुढे जायचे?' सवयीप्रमाणे त्यांनी ती दोनदा तपासली. एकही चूक सापडली नाही, म्हणून पास केली. मजकुराचा अर्थ बघणं हे आपलं काम नव्हे, हे छापखान्यात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

अभिप्राय परत आला. पाठोपाठ ग्रंथपालबाईंचा फोन.

"काका, कशाला हात लावलात?"

"एक किरकोळ दुरुस्ती..."

"इकडे या आधी."

वेबसाइटच्या मते आज पुन्हा एक तारीख होती, आणि एक तारखेला नवी रहस्यकादंबरी आली होती. महिनाभरात कुणाकुणाला कळवलं ते विसरून, तिच्यासाठी नाव नोंदवलेल्या सतराही सभासदांना वेबसाइटनं इमानेइतबारे एकदमच कळवलं: 'तुमचा नंबर लागला आहे.' सतराही जण आले. प्रत एक.

"मी वाचून परत केली, मग पुन्हा कशाला बोलावलंत?" निवृत्त मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"मग मला घेऊ द्या," मागून शिंपी म्हणाला.

"घ्या की. काही विशेष नाही हो त्यात. खून डॉक्टरनंच केलाय."

कादंबरी न वाचलेले पाचजण मुख्याध्यापिकांकडे बघत राहिले. रांगेत शेवटी उभे असलेले दातांचे डॉक्टर उगाचच ओशाळले.

रांग पांगल्यावर बाई काकांकडे वळल्या. "महिनाभर बसून चारशे पुस्तकं चढवली होती मी. एकही नोंद उरली नाही. असं काय अडलं होतं तुमचं?"

काकांना सांगवेना. "मी चढवतो पुन्हा," ते पुटपुटले.

संध्याकाळपर्यंत चारशेपैकी सत्तावीस पुस्तकं चढवून झाली. घरी आले तेव्हा बायको भाजी निवडत होती.

"झाली पाच मिनिटं?"

काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, त्या एका वाचकासकट.

"एवढंच ना? मला सांगायचं, पुन्हा लिहिला असता."

काकांनी मान वर केली. "म्हणजे... तू?"

"मग दुसरं कोण वाचणार?"

"पण आवडलं, ते तरी खरं ना?"

तिनं एक किडकं पान बाजूला टाकलं. "मोठं लिहीत जा, ते खरं. तेवढा वेळ तुम्ही घरातल्या चुका काढत नाही."