पब्लिककडे पाठ

शालिकभाऊ आमच्या घरून निघतात ते उलटे चालत. तोंड आमच्याकडे, पाठ रस्त्याकडे. अंगण, फाटक, गल्ली, सगळं तसंच. गल्लीच्या वळणावर हात वर करतात आणि मगच सरळ होतात. वाटेत शेजाऱ्यांची म्हैस बांधलेली असते. मी दारातून ओरडते, "शालिकभाऊ, मागं म्हैस!" ते न बघता डावीकडे सरकतात, म्हशीच्या पाठीवर दोन थापा मारतात आणि म्हणतात, "मस्त वाजते, वैनी."

नालीत ते दोनदा पडलेत. दोन्ही वेळा मी घरी नव्हते.

याला लोक वेड म्हणतात. आहे ती धंद्याची सवय. वीस वर्षं त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवला. वरातीत ढोलवाला रस्त्याकडे बघत नाही. तो नाचणाऱ्यांकडे बघतो आणि मागे मागे सरकतो. नाचणारा दमला की ठेका उतरवायचा, अंगात आलं की चढवायचा. मांडवाच्या दारात ओवाळणारी बाई सापडत नसेल, तर तिथल्या तिथे घोळत वाजवत राहायचं. "वरात थांबली तं थांबू द्या," शालिकभाऊ सांगतात. "ठेका थांबला का मंग लोकाईले समजते, काईतरी बिघडलं."

पुढे डीजे आले आणि बँड मोडला. शालिकभाऊंना मागेपुढे कोणी नाही. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले, आणि वाजवायला ढोल नाही म्हणून दिसेल ते वाजवू लागले. माझा गॅसचा सिलिंडर, वांगी, एसटीची सीट. आमचे हे एसटीत वाहक आहेत. ते म्हणतात, शालिक गाडीत असला की ड्रायव्हरसुद्धा तालात गाडी हाकतो.

आमची प्रणाली तेव्हा घाटंजीच्या कॉलेजात जायची. लहानपणापासून बोलताना अडायची. प आणि ब आला की गाडी बंद. स्वतःचं नाव सांगताना पोरीला घाम फुटायचा. त्यात तिने छंद धरला तो रॅपचा, म्हणजे एका दमात भराभर बोलायच्या गाण्याचा. मी म्हटलं, लंगड्याने शर्यतीत नाव घालावं तसं झालं हे. मी उपाय करणारी बाई आहे. रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळून मधातून चाटवायला सुरुवात केली.

एकदा ती अंगणात बादली बडवत पुटपुटत होती. शालिकभाऊ फाटकात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "वैनी, पोट्टी बोलून नाई राह्यली. वाजवून राह्यली."

आठवड्यात बँड तयार झाला. प्रणाली, शालिकभाऊ, आणि पंक्चरच्या दुकानातला फिरोज, जो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवायचा. ढोल, ताशा आणि तेलाचा रिकामा पिपा, एवढा शालिकभाऊंचा संसार. नियम एकच. मोबाईलमधला ठेका चालणार नाही. "थे मेलेलं वाजवणं हाय. मी जितं वाजवतो."

सराव कुठे करायचा? शालिकभाऊंच्या गल्लीत लोकांनी दोन दिवसांत हाकलून लावलं. ते बोंडअळीचं वर्ष होतं. वेचून हाती आला तेवढा कापूस आम्ही भाव चढेल म्हणून मागच्या खोलीत छतापर्यंत भरला होता. सगळ्या गावाचं तेच. कापूस पलंगावर आणि माणसं ओसरीत. शालिकभाऊंनी त्या खोलीत डोकावून टाळी वाजवली. टाळीचा आवाज तिथेच बसला. त्यांचे डोळे चमकले.

"वैनी, इथं आवाज बाहेर जातच नाई! अशी खोली मुंबईत नसन."

दाराजवळ तिघांपुरती जागा केली आणि रोज चारला सराव सुरू झाला. बाहेर मला फक्त ढब ढब ऐकू यायचं, कोणी लांब कुठेतरी गादी झटकावी तसं.

साठवलेल्या कापसाला खाज फार. कॉलेजच्या गॅदरिंगला तिघं स्टेजवर गेली ती खाजवतच. प्रणाली एका हातात माइक धरून दुसऱ्या हाताने मान खाजवत म्हणत होती:

"भाव म्हणते थांब, अळी म्हणते खाऊ,
बाजेवर झोपला कापूस, आमी कुठी जाऊ?"

पोरांना ती स्टेप वाटली. शिट्ट्या पडल्या. पुढे नेरला कार्यक्रम झाला, तेव्हा पहिल्या तीन रांगा तालात मान खाजवत होत्या.

प्रणाली कुठेही अडली नाही. मध्येच ढोल घुमायचा, ताशा कडाडायचा, आणि शब्द नेमका ठेक्यावर येऊन पडायचा. मी शेजारणींना वेखंड वाटलं.

खटकायची ती एकच गोष्ट. शालिकभाऊ स्टेजवर पब्लिककडे पाठ करून बसायचे आणि तोंड प्रणालीकडे. नेरला एक जण ओरडला, "ओ काका, तोंड दाखवा की!" मीही त्यांना बोलले, की लोक नावं ठेवतात. ते म्हणाले, "लोकाईकडं पाहून काय करू, वैनी? थे कुठी गाऊन राह्यले?"

मग यवतमाळहून फोन आला. मोठी स्पर्धा, मोठं मैदान. आयोजक मला म्हणाला, स्टेजवर जागा कमी आहे, ठेका पेनड्राइव्हवर आणा, ढोलवाला नको. मला पटलं. ढोल-पिपा न्यायला गाडी लागते, पेनड्राइव्ह पर्समध्ये मावतो. शिवाय ती पाठही टळेल. शालिकभाऊंना मीच सांगितलं.

ते थोडा वेळ दाराची चौकट वाजवत राहिले. "बरं, वैनी," म्हणाले. "फिरोजले ठेका भरून देतो."

त्याच आठवड्यात भावाची आशा सोडून आम्ही कापूस विकला. खोली रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी चारला मी स्वयंपाकघरात तूर निवडत होते, आणि पहिल्यांदाच आतलं सगळं लख्ख ऐकू आलं.

फिरोजने पेनड्राइव्ह लावला. ठेका सुरू झाला. प्रणाली "ब... ब..." वर अडली. ठेका तिला टाकून पुढे निघून गेला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ती बोललीच नाही. नुसता ठेका वाजत राहिला.

"बंद कर रे थे," शालिकभाऊ म्हणाले. "पेनड्राइव्हच चुकून राह्यला. हं, चाल बाई, माह्यासंग."

त्यांनी ढोल-ताशा पुढे ओढला. "बोंड फुटलं, बोंड कुजलं" ही एकच ओळ त्यांनी पाच वेळा घोटली. पाचही वेळा ती अडली, पण दर वेळी वेगळ्या जागी. दर वेळी ढोल तिथल्या तिथे घोळत राहिला, कधी दोन मात्रा, कधी चार, आणि शब्द ओठावर येतोय तोच ताशाची एक थाप तिच्या आधी अर्धं पाऊल पडली. ढोलाचं ते घोळणं गाण्यातलंच असतं, तर पाचही वेळा एकाच जागी आलं असतं.

तूर निवडायचं राहिलं. वेखंडाचं काय काय सांगितलं होतं मी लोकांना!

मी अंगणात जाऊन यवतमाळला फोन लावला. म्हटलं, ढोल येईल, ढोलवाला येईल, आणि त्याची पाठ पब्लिककडे राहील. जागा नसेल तर आम्ही येत नाही. आयोजक कुरकुरला. मी शांतपणे ऐकून घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. जागा निघाली.

आत आले तेव्हा शालिकभाऊ एकटेच स्वयंपाकघरात पाणी पीत होते. त्यांना सांगितलं, "गाडी सांगा. ढोल न्यायचा आहे."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "खोली रिकामी झाली, वैनी. आवाज जाते आता बाहेर. काई आयकू आलं काय?"

"मी मिक्सर लावला होता."

मिक्सर फडताळात होता, वर कापडी खोळ घातलेली. शालिकभाऊंनी त्यावर दोन टिचक्या मारल्या.

"पोरीले सांगू नका," ते म्हणाले. "तिले वाटते, गाणंच तसं हाय."

प्रणाली त्यांना सोडायला दारात आली. ते नेहमीसारखे निघाले, तोंड तिच्याकडे, पाठ रस्त्याकडे. गल्लीत म्हैस आडवी उभी होती. मी ओरडले नाही. पुढे जाऊन म्हशीलाच बाजूला केलं.