खिडकीच्या काचेवरची दोन पेटंटं

दोन कागदांतली लबाडी मला वासानं कळते. बोईसरच्या आमच्या कारखान्यात आयुष्य बिलं तपासण्यात गेलं. खोटी सही मी खिडकीच्या काचेवर पकडतो. खाली खरी, वर संशयित, मागून उजेड. रेघेवर रेघ तंतोतंत बसली की समजायचं, गिरवलेली आहे. खरा माणूस दोनदा सारखी सही करूच शकत नाही!

म्हणून पंच्याण्णव साली कमलाकांतशेठनी दोन पेटंटांच्या झेरॉक्स माझ्यापुढे टाकल्या, तेव्हा मला नवल वाटलं नाही. आम्ही विजेचे मीटर बनवायचो. त्यात आता फ्लॅश मेमरीची चिप बसवायची होती, म्हणजे वीज गेली तरी आत लिहिलेले आकडे पुसले जात नाहीत. वीज आमच्या उशाशी तारापूरला तयार होते, पण आमच्याकडे मुक्कामाला थांबत नाही. चिप हवीच होती. विकणाऱ्या परदेशी कंपन्या दोन, आणि दोघींचे एजंट, एक टायवाला आणि एक बिनटायचा, एकमेकांना चोर म्हणत होते.

"चोराचा माल घेतला तर कोर्टाची नोटीस मला यायची, राऊत," शेठ म्हणाले. "शांताराम म्हणतो, दोन्ही शोध वेगळे आहेत, टायवाल्याची चिप घ्या. तुम्ही एकदा नजर टाका."

शांताराम आमचा इंजिनीअर. हुशार, हसरा. हसऱ्या माणसाचं बिल मी दोनदा तपासतो.

त्यात शनिवारी संध्याकाळी कारखान्याच्या कॉलनीत त्याच्या दारात एक कोळीण टोपली उतरवताना दिसली. आत ताटाएवढे पापलेट.

"कोणी पाठवले?" मी सहज विचारलं.

"आमच्याच होडीचं हाय. तुमाला कशाला चौकश्या?"

निर्दोष बाई इतकं तिखट बोलत नाही. हे पापलेट टायवाल्या एजंटाचे, हे मी फाटकातच ठरवलं.

रविवारी दुपारी मासळीचं कालवण भातावर ओढलं, बोटं चाटली आणि पेटंटं घेऊन बसलो. मजकूर वाचताना अर्ध्या पानात डुलकी लागली. मग आपली पद्धत! दोन्हींतली पहिली आकृती काचेवर धरली. खालची छापील ओळ आड येत होती, ती दुमडली. आणि रेघेवर रेघ बसली!

सोमवारी शेठच्या केबिनमध्ये दोन्ही एजंट आणि शांताराम हजर होते. मी कागद काचेवर लावले.

"ही घ्या चोरी. आणि शांतारामच्या घरी पापलेट कुठून येतात, तेही विचारा."

शांतारामचं हसू गेलं. शेठनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्याची नोकरी त्या काचेवरच चिकटलेली दिसत होती.

"शेठ," तो हळूच म्हणाला, "चित्राखालची घडी उघडा."

शेठनी उघडली. दोन्हीकडे एकच ओळ होती: 'आजवर चालत आलेली पद्धत.'

"दोघांनी आधी जुनी चिप दाखवलीय," शांताराम म्हणाला, "तिच्यात खोट कुठे होती ते सांगायला. स्वतःचा शोध पुढच्या पानावर आहे. एकात आकडे साठवायचे सगळे खाने सुक्या बोंबलांसारखे एका दोरीवर. दुसऱ्यात प्रत्येक खान्याला वेगळी वाट."

दोन्ही एजंटांनी मान डोलावली. त्यांचं एकमत झालेलं त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

"आणि पापलेट?" मी शेवटची बाजू धरून ठेवली.

"त्या कोळीणबाई म्हणजे माझ्या सासूबाई, काशीबाई. इथल्या जवळच्याच माहीमला सासऱ्यांची होडी आहे. अर्धे तर तुमच्याकडेच पाठवले होते, काका. काकू बोलल्या नाहीत?"

शेठनी टायवाल्याची चिप घेतली. मी घरी आलो.

"त्यांच्याकडून आलेत, हे सांगता येत नव्हतं?" मी बायकोला विचारलं.

"सांगितलं असतं, तर घास उतरला असता तुमच्या घशाखाली?"

नसता.

"मग आजवर आणखी काय काय सांगितलं नाहीस, रत्ना?"

ती नुसती हसली. हसऱ्या माणसाचं बिल मी दोनदा तपासतो, हे खरं. पण तेवढ्यात तिनं कालचं उरलेलं कालवण गरम करून पुढ्यात ठेवलं, आणि मी मुकाट्यानं ताट जवळ ओढलं.