निंबाआप्पांची नऊ मापं

कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी तपकीर ओढतं. आमचे शेजारी निंबाआप्पा माणसं मोजायचे. कुठेही चार डोकी एकत्र दिसली की त्यांचं बोट हवेत नाचू लागायचं आणि मिशीखाली ओठ हलायला लागायचे. लग्नाची पंगत असो, दवाखान्यातली रांग असो, कुणाची मयत असो, आप्पा एका टोकाला उभे राहून आधी मोजणार आणि मगच पुढचं काय ते करणार. आकडा जमला की अशी समाधानाने मान हलवायचे की वाटावं, आता या मंडळींनी खुशाल श्वास घ्यावा.

मी मूळची गुहागरकडची. सिल्वासाच्या सरकारी मराठी शाळेत मला नोकरी लागली, नवऱ्याला तिथल्याच एका कचेरीत जागा मिळाली आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला आम्ही नरोलीत भाड्याच्या खोलीत राहायला आलो. टेम्पोतून सामान उतरत होतं. शेजारच्या दारातून बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घातलेले एक उंच गृहस्थ बाहेर आले. मला वाटलं, मदतीला आले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, नवऱ्याकडे केलं, टेम्पोत वाकून पाहिलं आणि विचारलं, "कितला जण शेतस?"

खानदेशी बोली मला तेव्हा कळत नव्हती. नवऱ्याने अंदाजाने सांगितलं, "दोघंच."

"दोनच?" आप्पांचा चेहरा पडला. "अरे देवा. मग तिसरं कुणी नसलं तर तुमची भांडणं सोडवतं कोण?"

ती जबाबदारी त्या दिवसापासून त्यांनी आपल्याकडे घेतली, हे वेगळं सांगायला नको.

आप्पा मसाटच्या एका सुताच्या कारखान्यात टाइमकीपर होते. पाळी बदलताना गेटवर उभं राहून आत किती गेले, बाहेर किती आले, हे बघायचं. माणसं मोजायचा पगार मिळतो म्हटल्यावर दुसऱ्या कुणी घरी आल्यावर तरी सुट्टी घेतली असती. आप्पा घरी आले की उंबऱ्याबाहेरच्या चपला मोजायचे. दोन खोल्या, त्यात स्वतः आप्पा, द्वारकावहिनी, दोन मुली, संजू, धाकटा पिंट्या, शिवाय वहिनींच्या माहेरचे दोन भाचे. ते जवळच्या सायली गावात कामाला होते आणि नोकरी पक्की होईपर्यंत म्हणून आले ते तीन वर्षं मुक्कामाला होते. गावाकडून आणखी कुणी ना कुणी टपकायचंच. स्टोव्ह कधी थंड झालेला मी पाहिला नाही. आणि एवढ्या गदारोळात आप्पा दारातूनच ओरडणार, "एक जोड कमी आहे! रेखा कुठं गेली?" रेखा माझ्याकडे गणित शिकत बसलेली असायची, भिंतीपलीकडे, चार हातांवर.

रविवारची आरती तर सगळे जमल्याशिवाय सुरूच व्हायची नाही. एकदा थोरला भाचा न्हाणीत जो गेला तो बाहेर येईना. निरांजन पेटलेलं, टाळ हातात, सगळे ताटकळलेले. वहिनी म्हणाल्या, "अहो, देव खोळंबलाय."

"देवाला कुठं दुसऱ्या पाळीला जायचंय?" आप्पा म्हणाले. "बराबर आठ झाल्याशिवाय घंटा वाजायची नाही."

एकदा मात्र त्यांची चांगलीच फजिती झाली. सुट्टीत आमच्या खोल्यांच्या ओळीतली सगळी पोरं घेऊन आम्ही दादऱ्याच्या तलावावर फिरायला गेलो होतो. पोरं सात. आप्पांनी जाताना मोजली, नाश्त्याला मोजली, झोपाळ्यावर मोजली. टेम्पोत बसताना शेवटची मोजली, सात भरली, निघालो. नरोलीला उतरल्यावर बघतो तो एक पोरगं भलतंच! लाल शर्ट, तोंडाला बर्फाच्या गोळ्याचा रंग, आणि शुद्ध गुजरातीत पाणी मागतंय. पिंट्या तिकडेच राहिलेला. तसेच उलटे पळालो. तलावाकाठी त्या पोराचे आईबाप रडकुंडीला आलेले, आणि त्यांच्या डब्यातला खमण खात पिंट्या मजेत मांडी घालून बसलेला. पोरांची अदलाबदल झाली. परतताना टेम्पोत आप्पाच म्हणाले, "पण मास्तरीणबाई, मोजणी तर बराबर होती ना?"

अशा माणसाचं नाव एका यादीतून गळावं, याला काय म्हणावं!

त्यांचे मोठे भाऊ साक्रीकडे गावी शेती बघत. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, पत्रिका आली. खाली निमंत्रकांची ही लांबलचक यादी. आप्पांनी बोट ठेवून एकेक नाव मोजलं. आतेभाऊ होते, चुलत मेहुणे होते, गावच्या सोसायटीचे चेअरमनसुद्धा होते. सख्खा भाऊ निंबा तेवढा नव्हता. भावाने सांगितलं, प्रेसवाल्याने एक ओळ गाळली. आता प्रेसवाल्याला गाळायला नेमकी तीच ओळ सापडावी, हे कुणालाही पटलं नसतं. आप्पांना तर नाहीच. भर मांडवात शब्दाला शब्द वाढला आणि मोठा भाऊ बोलून गेला, "एवढंच टोचत असेल तर यंदापासून तुझी कानबाई वेगळी मांड."

मला हे ऐकून नीट कळलंच नाही. आमच्या कोकणात कानबाई नाही. द्वारकावहिनींनी मला समजावलं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात ही देवी घरोघर बसते. नारळाला डोळे, नथ, साडी, दागिने. रात्र जागवायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायची. तिच्यासाठी रोट करतात, जाड, गोड पोळ्या. घराण्यात जेवढे पुरुष, तेवढी गव्हाची मापं काढायची. बाकीच्यांकडे माणशी सव्वा मूठ. आप्पांच्या घराण्यात सव्वा शेर! "आमचे पूर्वज खाणारे होते," आप्पा अभिमानाने सांगायचे. आणि रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला कणही द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. म्हणजे कानबाई वेगळी मांडायची याचा अर्थ, आजपासून तुमची मापं वेगळी, आपण एका घरातले नव्हे.

"आणि बायकांचं माप?" मी आप्पांना विचारलं.

"बायका मापात धरत नाहीत."

"खायला धरतात का?"

"खायला धरतात."

"आणि थापायला, भाजायला?"

आप्पांनी लगबगीने विषय बदलला.

त्या श्रावणात नरोलीत पहिल्यांदा आप्पांची कानबाई बसायची होती. गहू काढायच्या दिवशी मी काही मागायला म्हणून गेले, तर वहिनी मागे कपडे धूत होत्या आणि आप्पा आंघोळ करून, टोपी घालून, पोत्यापुढे एकटेच बसलेले. पितळी माप भरायचं, वर चिमूटभर जास्त टाकायचं, डब्यात ओतायचं आणि दर मापाला हळू आवाजात एक नाव घ्यायचं. पहिलं माप पडलं ते "नथूदादा" म्हणून. मला वाटलं, असेल त्यांच्याकडचा एखादा देव. मी आल्या पावली परतले.

संध्याकाळी गिरणीतून डबे आले आणि वहिनींचा आवाज भिंतीतून थेट आमच्या चहाच्या कपात. "एवढं पीठ? अहो, आपल्या घरात पुरुष तीन! तुम्ही, संजू, पिंट्या! किती मापं टाकली?"

"नऊ."

"नऊ?"

"चूक झाली. मोजताना चुकलं."

झालं! सगळ्या ओळीत हसू पिकलं. गेटावर शेकडो माणसं मोजणारा टाइमकीपर घरातले तीन मोजताना चुकला. भाचे तर पोट धरधरून हसले. आप्पा खाली मान घालून बसले. देवीच्या नावाने काढलेलं माप परत पोत्यात टाकता येत नाही, तेव्हा नऊच्या नऊ मापांचे रोट झाले.

मी वहिनींना सहज विचारलं, "नथूदादा म्हणजे कोणता देव हो?"

वहिनींचे पिठाचे हात थांबले. "देव कसला? ह्यांचे मोठे भाऊ." मग त्यांनी बोटांवर मोजलं. भाऊ, भावाचे तीन मुलगे, दोन नातू. सहा. आणि आपले तीन. त्यानंतर त्या आठवड्यात वहिनी आप्पांना पिठावरून एका शब्दाने बोलल्या नाहीत.

कानबाई बसली, बायकांनी गाणी म्हटली, सोमवारी दमणगंगेवर पोचवून आले. आणि मग सुरू झालं रोटपर्व. सकाळी दुधात रोट, दुपारी गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीशी रोट, संध्याकाळी आमटीत कुस्करून रोट. वहिनींचे भाचे माहेरचे, म्हणजे भाऊबंद नव्हेत. ते समोर बसून ठेच्याशी भाकरी खायचे आणि मिटक्या मारायचे. आप्पा डब्यात रोट घेऊन कारखान्यात जायचे आणि कुणी वाकून बघितलं की डबा झाकायचे. सगळं गेट म्हणायला लागलं, निंबाआप्पा चिक्कू झाला. मंगळवारी तर पिंट्याने एक रोट मागच्या शेळीपुढे धरला. आप्पांनी झडप घालून तो हिसकावला. "अरे गाढवा, शेळी काय तुझी चुलत बहीण लागते?"

गुरुवारी पौर्णिमा. मंगळवार संध्याकाळपर्यंत सहाही जणांची तोंडं फिरलेली आणि टोपली अजून निम्म्याच्या वर भरलेली. आप्पा टोपलीपुढे बसून होते. त्यांचा चेहरा बघून मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, आमच्या ह्यांना गोड फार आवडतं. द्या दहाबारा इकडे. कुणाला कळणार आहे?"

"नाही बाई. रागावू नका. पण तुम्ही भाऊबंद नाही."

मला लागलं ते. चार वर्षं ह्या घरात मी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी खाल्ली, ह्यांच्या मुलींना पाढे शिकवले, माझ्या बाळंतपणात वहिनींनी माझ्या डोक्यावर तेल घातलं. आणि आता मी बाहेरची! माझी जीभ आधीच तिखट. मी फाडकन बोलले, "मग आणा ना तुमचे भाऊबंद! सहा जणांच्या नावाने मापं टाकता येतात, आणि एका भावाच्या दारात जाता येत नाही?"

वहिनी स्टोव्हकडे वळल्या. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. मी घरी येऊन नवऱ्यावर उगीचच डाफरले.

बुधवारी पहाटे भिंतीपलीकडे खुडबुड ऐकू आली. बाहेर येऊन बघते तर आप्पा इस्त्रीचा सदरा घालून, धोतराच्या फडक्यात बांधलेलं भलं मोठं गाठोडं डोक्यावर घेऊन निघालेले. मला बघून म्हणाले, "देवीचं काम आहे म्हणून जातोय. मला काही हौस नाही तिथं जायची." आणि नाशिकच्या गाडीसाठी भराभरा चालू लागले.

ते दोन दिवस मला चैन पडलं नाही. हाकलून दिलं तर? अंगणातूनच परत फिरवलं तर? साठीला आलेला माणूस दिवसभर एसट्या बदलत जाणार आणि दारातून गाठोडं घेऊन परत येणार, आणि ते माझ्या जिभेपायी! गुरुवारी द्वारकावहिनींनी देवापुढे दिवा लावला तो संध्याकाळपर्यंत विझू दिला नाही.

शुक्रवारी मी शाळेतून आले तर आप्पा आमच्याच पायरीवर बसलेले. गाठोडं नव्हतं. मी पर्ससकट समोर बसले.

"गेला होतात?"

"गेलो. दादा अंगणात खाटेवर बसलेला. मी लांबूनच सांगितलं, देवीचे रोट आहेत, मोजताना चूक झाली, उद्या पुनव. बाकी काही बोलायला आलो नाही."

"मग?"

"दादा म्हणाला, 'ऊना का? बठ.' आलास का, बस म्हणाला, एवढंच." आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग थोरल्या वहिनीनं आतून टोपली आणली. रोटांनी भरलेली. मी म्हटलं, वहिनी, तुमचे अजून संपले नाहीत? ती म्हणाली, संपतील कसे? तुमच्या दादानं यंदा तीन मापं जास्त टाकली. विचारलं तर म्हणे, चूक झाली."

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. भिंतीपलीकडे द्वारकावहिनींनी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. त्याही ऐकत असाव्यात.

"संपले का मग सगळे?" मी शेवटी विचारलं.

"संपले ना," आप्पा म्हणाले. "दादा आणि मी. एका ताटात बसलो."