दुखावलेला वॉचमन पाहिजे

शनिवारच्या सामन्यात प्रतिस्पर्धी संघाने नव्वद मिनिटांत गोलच्या दिशेने एकही चेंडू मारला नाही. क्लबच्या गोलरक्षकाने, ज्याला प्रेक्षक कौतुकाने 'भिंत' म्हणत, परतताना संघाच्या बसमध्ये बसल्या बसल्या फोनवर एक ओळ टाकली : "आज काही कामच नव्हतं. वॉचमनसारखी उभ्या उभ्या झोप काढली आणि वर शाबासकी घेतली."

पहिल्या तासात सहाशे लोक हसले. दुसऱ्या तासात एका दंतवैद्याने लिहिले, "कष्टकऱ्यांची थट्टा करताना लाज वाटली पाहिजे." तेव्हा हसलेल्यांनी आपापले हसू मागे घेतले आणि रविवार संपायच्या आत चाळीस हजार लोक वॉचमनांच्या वतीने दुखावले. त्यांत वॉचमन एकही नव्हता. ते कामावर होते.

सोमवारी क्लबच्या संपर्क अधिकारी बाईंनी भिंतीपुढे तयार माफीनामा ठेवला.

"'कोणत्याही सुरक्षारक्षकाला कधीही झोप येत नाही, याची मला नम्र जाणीव आहे.' करा सही."

"मॅडम, झोप काय, सगळ्यांनाच येते."

"हे बाहेर बोलू नका. अंतिम सामना तेरा दिवसांवर आलाय. क्लब आज एक समिती नेमतोय. तिने माफी मंजूर केली नाही, तर तुम्ही बाकावर."

भिंत अकरा वर्षे त्या सामन्याची वाट पाहत होता. त्याने सही केली.

भावना दुखावणूक निवारण समिती त्याच दुपारी स्थापन झाली. अध्यक्षस्थानी एक निवृत्त वकील होते. त्यांनी पहिल्याच बैठकीत अडचण मांडली : माफी स्वीकारायला दुखावलेला इसम समक्ष हजर हवा. जाहीर आवाहन करण्यात आले. एकच उत्तर आले, तेही कुलपांच्या दुकानदाराचे. शेवटी कोणाच्या तरी लक्षात आले की क्लबच्या फाटकावर स्वतःचाच एक वॉचमन आहे, आणि तो एकोणीस वर्षे तिथे आहे. त्याला सगळे काका म्हणत. भिंत पहिल्या निवड चाचणीला उशिरा पोचला होता, तेव्हा त्याला आत सोडणारे तेच.

काका टोपी हातात धरून समितीपुढे उभे राहिले.

"तो मजकूर वाचलात?" अध्यक्षांनी विचारले.

"मुलीने वाचून दाखवला."

"मग काय वाटलं?"

"हसू आलं, साहेब. पोट दुखेपर्यंत हसलो."

अध्यक्षांना आशा वाटली. "दुखलं ना? मग दुखावलात असं लिहू?"

"नाही हो. हसून दुखलं. पोरगं खोटं कुठे बोललं? जेवण झालं की डोळा लागतोच. बारा तास उभं राहून बघा एकदा. एक स्टूल मागून चार वर्षं झाली."

हे सर्व शब्दशः नोंदवण्यात आले. गुरुवारी अहवाल आला. गोलरक्षकाचे विधान चौकशीअंती सत्य आढळले, सबब तो विनोद नसून माहिती होय, असे त्यात म्हटले होते. ही माहिती उजेडात आणल्याबद्दल गोलरक्षकाचे आभार मानून त्याला दोषमुक्त करण्यात आले. झोपेची कबुली देणाऱ्या वॉचमनची सेवा तत्काळ समाप्त झाली.

भिंत धावतच फाटकाकडे गेला. काका केबिनमधला डबा आणि जुनी शाल पिशवीत भरत होते.

"काका, मी ती ओळ लिहिलीच नसती तर..."

"तू कशाला वाईट वाटून घेतोस? खरं बोलायची हौस मला आली."

"घरी काय सांगणार?"

"सांगेन, आता पाहिजे तेवढी झोप." काका हसले, पण त्यांच्या हातून पिशवीची चेन काही लागेना. भिंतीने ती लावून दिली.

तो तिथूनच कार्यालयात गेला. "काकांना परत घ्या. तोपर्यंत मी खेळणार नाही."

"वेड लागलंय का? सुटलात तुम्ही!" बाई म्हणाल्या.

"तेच तर बोचतंय."

त्याने सगळी हकिकत नीट लिहिली : काकांना काढलं, माझ्या विनोदापायी काढलं, ते परत येईपर्यंत मी मैदानात उतरणार नाही. या वेळी त्याने दोनदा वाचून मग फोनवर टाकली. बाईंनी आता वणवा पेटणार म्हणून दोन फोन चार्जिंगला लावले, रजेवरच्या मदतनिसाला बोलावून घेतले आणि खुलाशाचे तीन मसुदे तयार ठेवले. एकाही मसुद्याची गरज पडली नाही.

अंतिम सामना राखीव गोलरक्षक खेळला. भिंतीने तो काकांच्या घरी, त्यांच्या मुलीशेजारी बसून, छोट्या टीव्हीवर पाहिला.

त्याचे ते लिखाण अजून तिथेच आहे. आपण सगळ्यांनी ते पाहिले आहे. त्यात हसण्यासारखे काही नव्हते, आणि चिडायचे तर कोणावर, हे आपल्याआधी कोणी सांगून ठेवले नव्हते. म्हणून आपण अंगठ्याने ते वर सरकवले आणि पुढचे पाहू लागलो.