उखर्डू झुलाल यांच्या न घेतलेल्या रजेचा सत्कार

माणूस कामाने थकत नाही, कौतुक न झाल्याने थकतो. हे सत्य जगात प्रथम अशा लोकांना उमगले ज्यांच्याकडे काम नव्हते, आणि त्यांनी ते परिपत्रकाद्वारे इतरांना कळवले.

भडगावजवळच्या आमच्या गिरणाई सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेत हे परिपत्रक १९५७ च्या मार्चात पोहोचले. प्रत्येक संस्थेने आपल्या एका गुणी कामगाराचा जाहीर सत्कार करावा आणि तसे कळवावे. गुणी कामगार नसल्यास तसेही कळवावे. (आम्ही दुसरेच कळवणार होतो. पण त्यासाठी वेगळा नमुना तीन प्रतींत भरायचा होता.)

सबब सात जणांची गुणगौरव समिती नेमली. अध्यक्ष संस्थेचे चेअरमन पितांबर आबा, चिटणीस हेडक्लार्क लीलाधरभाऊ, अहवाल लिहिण्यास मी. उरलेल्या चौघांना मान हलवण्याचा पूर्ण अधिकार होता.

समितीचे कार्य, आकड्यांत:

बैठका: नऊ.
चहा: एकशे अठ्ठ्याऐंशी कप.
चर्चिलेले विषय: हाराची जाडी, पाहुण्यांच्या खुर्चीची गादी, फोटोत कोणी कुठे उभे राहावे.
चर्चिलेले कामगार: शून्य. (नवव्या बैठकीत एक.)

(यानंतरचे पान अहवालात नाही. त्यावर चिवडा ठेवला होता.)

...असे ठरले, की सर्वांत जास्त काम करणारा निवडता येणार नाही, कारण काम कोण करतो हे समितीतील कोणी पाहिलेले नाही. सर्वांत जुना निवडावा तर तो तराजू होता. तेव्हा लीलाधरभाऊंनी रजेचे रजिस्टर उघडले आणि एका पानावर बोट ठेवले. पान अकरा वर्षे कोरे होते. वर नाव होते: उखर्डू झुलाल.

उखर्डूचे काम सांगितले पाहिजे. कापसाची गाडी फाटकात आली की तो ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, ‘कोरडा’ किंवा ‘ओला’. ओला कापूस आत गेला तर रुई पिवळी पडते. म्हणून त्याच्या हाताशिवाय संस्था चालत नाही, असे सगळे मानतात. हाताला रजा देता येत नाही, आणि उखर्डू हाताला जोडलेला आहे.

(रजेच्या रजिस्टरात मंजूर रजेचीच नोंद होते. नामंजूर अर्जांची फाईल वेगळी आहे. ती जाड असल्याने हेडक्लार्कांच्या खुर्चीचा आखूड पाय तिच्यावर टेकवला आहे. तीत उखर्डूचे सतरा अर्ज आहेत: मेव्हण्याचे लग्न, बायकोचा टायफॉइड, आईचे दहावे वगैरे. प्रत्येकावर शेरा एकच: ‘हंगाम संपल्यावर पाहू.’ हंगाम संपेपर्यंत कारण संपलेले असे.)

अठरावा अर्ज मूळ स्वरूपात देत आहे.

‘मे. चेअरमनसाहेब यांस. माझी मुलगी सुनंदा हिचे मागल्या साली साक्रीकडे लग्न झाले. तिची पहिली आखाजी आहे. तिला आणायला मला गेले पाहिजे. मला मुलगा नाही. माहेरचा माणूस आल्याशिवाय तिचे सासरे तिला पाठवीत नाहीत. तरी तीन दिवस रजा मिळावी.’

खाली लीलाधरभाऊंचा शेरा: ‘अर्जदाराचा सत्कार रजा न घेतल्याबद्दल होत आहे. रजा दिल्यास सत्काराचे कारण उरत नाही. अर्जदाराच्याच हितासाठी नामंजूर.’

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, गुरुवारी होती; त्या दिवशी सासरच्या लेकी माहेरी येऊन झोके घेतात. सत्कार बुधवारी ठेवला, कारण जिल्ह्याच्या पाहुण्यांना त्या आठवड्यात तोच दिवस मोकळा होता. (पाहुण्यांनी रजा घेतली होती.)

उखर्डूला समितीपुढे बोलावले.

“उखर्डू, तुना सत्कार शे,” आबा म्हणाले.

“कसाना?”

“अकरा वरीसमा तू एक रजा लिधी नही, त्याना.”

“मी लिधी नही असं नही, आबा. माले भेटनी नही.”

लीलाधरभाऊंनी नोंद केली: ‘सत्कारमूर्ती अत्यंत विनयशील.’

“मंग सत्कार राहू द्या,” उखर्डू म्हणाला. “माले फक्त तीन रोज द्या. पोर वाट देखी ऱ्हायनी.”

आबांना स्वतःच्या तीन लेकी. त्यांनी अर्ज पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, “पत्रिका छापाई ग्यात, भाऊ.”

छापलेल्या गोष्टीचा आमच्याकडे मान आहे.

उखर्डूची बायको यशोदाबाई आमच्याकडेच कापसातला कचरा वेचते. ती ओसरीवर येऊन उभी राहिली आणि लीलाधरभाऊंना म्हणाली, “तिना सासरी काय सांगू, भाऊ? तुना बाप खुर्चीवर बसेल शे, म्हनीसन ऊना नही?”

“अक्का, पहिल्या रांगेत तुमची पण खुर्ची आहे.”

“तिच धाडी द्या मंग साक्रीले.”

(खुर्ची पाठवण्याची तरतूद नसल्याने हा मुद्दा दप्तरी दाखल केला.)

आता रंगीत तालीम. सोमवारी उखर्डूला खुर्चीवर बसण्याचा सराव दिला. तो सारखा टोकावर बसत होता. मंगळवारी हार घालून घेण्याचा आणि मान किती वाकवावी याचा. बुधवारी सकाळी फोटोग्राफरने त्याला दोन तास उन्हात उभे केले, कारण ढग जाण्याची वाट पाहायची होती. म्हणजे तीन दिवस उखर्डू ढिगाजवळ फिरकला नाही. त्याच्या जागी कौतिक नावाच्या हमालाने हात घातला. ओला कापूस एक मूठभरही आत गेला नाही. ही नोंद मी समितीला वाचून दाखवली. समितीने समाधान व्यक्त केले व ती फोटोच्या विषयाकडे वळली.

बुधवार. दुपारी एक. मांडव. टोपी, टॉवेल, नारळ, हार. पाहुणे उखर्डूविषयी सव्वा तास बोलले. नाव दोनदा घेतले, दोन्ही वेळा वेगवेगळे. अशी माणसे विसाव्याचे नावही काढीत नाहीत, असे ते म्हणाले तेव्हा टाळ्या झाल्या. सर्वांत मोठी टाळी लीलाधरभाऊंची होती. मग सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत, अशी विनंती झाली.

उखर्डू उभा राहिला. “माना दोन शब्द अर्जमा शेतस,” म्हणाला आणि खाली बसला.

पुन्हा टाळ्या.

यानंतर आभारप्रदर्शन. लीलाधरभाऊंनी मांडववाल्यापासून सुरुवात केली. आमच्याकडे आभारात कोणी राहून गेले तर दोन पिढ्या बोलत नाहीत. म्हणून यादी गावाच्या खानेसुमारीवरून करतात. ते सतरंज्या देणाऱ्यांपाशी आले तेव्हा उखर्डू माझ्याकडे वाकून म्हणाला, “भाऊ, पानी पिसन येस.” मी मान हलवली.

तो पाणी प्यायला गेला तो साक्रीला.

चारची धुळे एस.टी. फाटकासमोरूनच जाते. कंडक्टरने हार पाहून त्याला पुढची जागा दिली. पारोळा मागे पडला तेव्हा इकडे आभार अजून आडनावांच्या ‘म’ वर होते.

रात्र धुळ्याच्या स्टँडवर काढून तो सकाळी साक्रीला उतरला आणि तिथून बैलगाडीने पोहोचला. व्याह्याला टोपी-टॉवेल द्यावा लागतो. तो त्याच्या डोक्यावर आणि खांद्यावर होताच. तिथल्या तिथे उतरवून दिला. नारळ विहिणीच्या ओटीत गेला. कोणाचा बाप हार घालून लेकीला न्यायला आल्याचे त्या गावाने पाहिले नव्हते. सासऱ्याने सुनेला माहेरी आठ दिवस जास्तच राहायला सांगितले. गुरुवारी दिवे लागायच्या आत सुनंदा आमच्या फाटकासमोरच्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर होती, आणि यशोदाबाई तिला इतक्या जोराने झोके देत होती की फांदी करकरत होती.

प्रश्न संस्थेपुढे होता. सत्कारमूर्ती विनारजा गैरहजर. रजा धरावी तर अकरा वर्षांचे पान बिघडते, पाहुण्यांचे भाषण खोटे ठरते आणि फोटो वाया जातो. दहावी बैठक. (चहा: एकवीस कप.) आबांनी तोडगा काढला. तो गेला तेव्हा आभारप्रदर्शन चालू होते. म्हणजे कार्यक्रम संपलेला नव्हता. कार्यक्रम संपला असे कोणी औपचारिकपणे जाहीरही केले नाही, कारण आभारांच्या शेवटी मांडवात कोणी उरलेच नव्हते. सबब सत्कार शुक्रवारी सकाळी उखर्डू ढिगाजवळ येईपर्यंत चालूच होता, आणि तो त्यात हजर होता. ठराव एकमताने मंजूर. पान कोरे राहिले.

तेव्हापासून फाटकावर त्याचा फोटो आहे. खाली लिहिले आहे: ‘यांचा आदर्श ठेवा.’ मे महिन्यात रजेचे चौदा अर्ज आले, पहिला कौतिकचा. शेरा लिहिण्याचे लीलाधरभाऊंचे श्रम वाचले. आता ते नुसते फोटोकडे बोट दाखवतात.

अहवाल संपला. आपण तो शेवटपर्यंत वाचलात, मधून हसलात, आणि आमच्या समितीविषयी आपले काय मत झाले तेही आम्हाला समजते. एकच विनंती. हे वाचायला घेताना आपण टेबलावरचा जो रजेचा अर्ज बाजूला सारलात, त्यात कोणती तारीख मागितली आहे, तेवढे पाहून घ्यावे.